दप्तर आणि बातमीदार

वृत्तपत्रविद्या ही शिकविता येण्याजोगी विद्या आहे काय, हा प्रश्न माझ्या पिढीतील बहुतेक अध्यापकांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कोणा ना कोणा वयोवृद्ध संपादकाने विचारलेला असतो. आणि ज्यांनी खिळे जुळविण्याच्या काळापासून रात्रपाळ्या करून, प्रसंगी कारावास सोसून हा व्यवसाय आत्मसात केला, त्यांच्या मुखी तो शोभतोही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा आपल्याकडे या विषयाचा वर्ग कोठेही भरत नव्हता. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१२ पासून पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय होते, तेथेच १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. पण त्यांनी अभ्यास केला तो अर्थशास्त्राचा, आणि पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू करताना त्यांना पत्रकारितेची पदविका नसल्याचे कोठे अडले नाही. आपल्या देशात लाहोर येथे १९४१ साली आणि स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली या अध्यापनाचे विभाग उघडले, तोवर मराठी वृत्तपत्रसृष्टीने एक शतकाहून अधिक मार्ग क्रमिला होता.

तथापि त्या प्रश्नाचे माझे उत्तर इतक्या वर्षांत बदललेले नाही. शैली शिकविता येत नाही. धैर्य तर मुळीच शिकविता येत नाही. परंतु शासनाचा कागद वाचावा कसा, तो कोणत्या दप्तरात असतो, त्यावर कोणाची सही असावी लागते, आणि त्या कागदावरील आकडा प्रत्यक्ष शेतात, रस्त्यावर, विहिरीत जाऊन कसा ताडून पाहावा, हे मात्र शिकविता येते, व जालन्यासारख्या जिल्ह्यात तर तेच प्रथम शिकवावे लागते. माझ्या अध्यापकीचा सारा काळ या एका कामी खर्च झाला, आणि त्याविषयी मला समाधान वाटते.

माझा जन्म अंबड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावचा. आजोबा निजामी अमदानीतील पटवारी. आमच्या माळवदाच्या घरात मधल्या खोलीच्या कोनाड्यात लाल मांजरपाटात बांधलेले कागदांचे रुमाल असत. मुलांनी त्यांस हात लावू नये अशी सक्त ताकीद होती. शिवेचा अथवा वाटणीचा तंटा घेऊन कोणी दारी आला, की आजोबा हात धुऊन, कोरडे करून, रुमालाची गाठ सोडीत, आणि मोडीच्या न तुटणाऱ्या ओळीवरून बोट फिरवीत फिरवीत एका ठिकाणी थांबत. मग समोरचा मनुष्य, जो क्षणापूर्वी तावातावाने बोलत असे, तो निमूट होई. अमलाच्या वरच्या पायऱ्यांचा व्यवहार उर्दूतून चाले, गावचा मोडीतून, आणि बोलणे मराठीतून. या तीन थरांमधून सत्य बाहेर काढणे हे त्यांचे नित्यकर्म होते. पुढे जालन्यास पदवी घेऊन मी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाच्या विभागात वृत्तपत्रविद्या शिकलो, काही वर्षे एका दैनिकात उपसंपादकी केली. पण बातमीची माझी कल्पना त्या कोनाड्यापाशीच बनलेली होती, असे मी आज निःसंकोच म्हणू शकतो.

उपसंपादकाच्या मेजावर असतानाच अध्यापकीचे बीज पडले. तालुक्यांचे वार्ताहर त्या काळी आपला मजकूर पाकिटात घालून एस.टी.च्या वाहकाकडे देत, आणि संध्याकाळी कार्यालयाचा शिपाई बसस्थानकावरून ती पाकिटे गोळा करून आणी. परतूरचे पाकीट, मंठ्याचे पाकीट, भोकरदनचे पाकीट. आतील मजकूर बहुधा प्रामाणिक असे, तळमळीचा असे. परंतु दुष्काळाच्या बातमीत गावाची पैसेवारी नसे, पाझर तलाव फुटल्याच्या बातमीत तो कोणत्या विभागाने बांधला याचा उल्लेख नसे, आणि ‘ग्रामस्थांतून संताप व्यक्त होत आहे’ या वाक्यावर सारा मजकूर संपे. ते वाक्य कापून टाकणे माझे काम होते. कापता कापता असे वाटू लागले, की हा दोष लिहिणाऱ्याचा नाही. त्याला कोणी तहसील कचेरीच्या आत नेऊन, हे बघ, हा अर्ज या खिडकीवर, ही नक्कल त्या खिडकीवर, असे कधी दाखविलेलेच नाही. म्हणून जाहिरात निघताच मी अर्ज केला आणि जालन्यास व्याख्याता झालो.

जालना हा जिल्हा म्हणून अवघा १ मे १९८१ चा. पण गावाची ख्याती पुरातन. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण येथले वृद्ध आजही अभिमानाने उच्चारतात. अकबराच्या दरबारचा इतिहासकार अबुल फजल काही काळ येथे राहिला होता, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात सापडते. आणि घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. माझ्या वर्गाचा आरंभ मी प्रतिवर्षी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासाने करीत आलो. लेखनक्रियेचे निरूपण करणारा तो समास भक्तीविषयी नाही, वैराग्याविषयी नाही. अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, समास कसा सोडावा, आणि ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर व अखेरचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे कसे दिसावे, याविषयी आहे. मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याने बातमी लिहिणाऱ्या मुलांना प्रथम त्याचे प्रयोजन कळत नाही. परंतु अखेरच्या ओळीपर्यंत लेखकाचे अवधान ढळू नये ही त्यातील अपेक्षा त्यांच्याच गावच्या मातीतून आली आहे, हे ध्यानी आले म्हणजे वर्गात निराळीच शांतता पसरते.

दुसरा पाठ हैदराबाद संस्थानाचा. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांचा इतिहास म्हणून जो शिकविला जातो तो बहुतांशी मुंबई-पुण्याचा. ‘केसरी’ १८८१ चा, ‘दीनबंधु’ १८७७ चा, आणि तो अवश्य शिकवावा. पण आमच्या आजोबांच्या पिढीने ब्रिटिश कायदा पाहिला नाही, त्यांनी गश्ती निशाण ५३ पाहिले, ज्यायोगे साधी सभा भरवावयाची तरी सरकारची पूर्वानुज्ञा लागे. अशा मुलुखात १९२० साली लक्ष्मणराव फाटकांनी हैदराबादेत ‘निजाम विजय’ चालविला, आणि १९३८ साली आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ काढला, ज्यावर बंदी आली की तो नाव बदलून पुन्हा निघे. पुढे अनंत भालेरावांनी त्याच ‘मराठवाड्या’ला औरंगाबादेत जे रूप दिले, त्याच्या अग्रलेखांवर या प्रदेशातील दोन पिढ्या वाढल्या. आणि शोएबुल्ला खान. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक, संस्थान भारतात विलीन व्हावे असे तो उघडपणे लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये, मुक्तीला महिनाही उरला नसताना, रझाकारांनी त्याला भर रस्त्यात ठार केले आणि त्याचा लिहिता हात तोडला. हा प्रसंग सांगताना मी आवाज चढवीत नाही, विशेषणे वापरीत नाही. जालन्याच्या वर्गात मराठी बोलणारी आणि उर्दू बोलणारी मुले एका बाकावर बसतात. त्या दोघांच्याही वारशात हा मनुष्य आहे, आणि तो दोघांनाही ठाऊक नसतो, याचे मला दरवर्षी नव्याने दुःख होते.

परंतु माझ्या अध्यापनाचा खरा गाभा वर्गाबाहेरचा. पैसेवारी म्हणजे काय हे फळ्यावर दहा मिनिटांत सांगता येते: गावचे पीक पूर्वी सोळा आण्यांवर मोजीत, मग रुपयाच्या पैशांवर, पीक पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा, नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी, आणि २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर पर्जन्य, मृदेतील ओलावा, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती असे निकष पुढे आले व जुन्या पैसेवारीचे महत्त्व उणावले. हे सारे उत्तरपत्रिकेत उतरविणारा विद्यार्थी उत्तीर्णही होतो. पण त्याने पीक कापणी प्रयोग एकदा तरी डोळ्यांनी पाहिला पाहिजे, हा माझा आग्रह.

एका वर्षी सोयाबीनच्या सुगीत आम्ही जाफराबाद तालुक्यातील एका गावी गेलो. कृषी सहायक, विमा कंपनीचा प्रतिनिधी, पोलीस पाटील, आणि बांधावर जमलेले शेतकरी. यादृच्छिक अंकांच्या कोष्टकावरून शेत निवडलेले, त्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पावले मोजून तुकडा ठरविलेला, चार खुंट्या, त्यांवर ताणलेली दोरी. दोरीच्या आतील पीक कापले गेले, ताडपत्रीवर झोडपले गेले, दाणे उफणून तराजूत आले, आणि वजनाचा आकडा विहित नमुन्यात व मोबाइलच्या ॲपवर एकाच वेळी चढला. माझ्या वर्गातील एक मुलगी, त्याच तालुक्यातील, बातमीचा मथळा मनात घेऊनच आली होती: पीक शंभर टक्के गेले. तराजूने ते नाकारले. ती अस्वस्थ होऊन वही मिटणार, तोच बांधावरील एक वृद्ध तिला म्हणाला, “पोरी, हितं आंगाला पानी धरतंय म्हनून दाना भरला. वरच्या माथ्याला चल. तिथं शेंगा हायेत, दानाच न्हाई.” ती त्यांच्यामागून चढणीला गेली. वरची जमीन मुरमाड, पावसाच्या खंडात सुकलेली. शेंग चोळली की हातात नुसते टरफल.

परत येताना बसमध्ये तिने मला विचारले, “सर, मग विमा कोणत्या शेतावर मिळणार?” तिथून जो अभ्यास सुरू झाला तो तिने स्वतः केला. महसूल मंडळ हा विम्याचा घटक. मंडळातील सर्व प्रयोगांचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाखाली उतरले तरच भरपाई. आणि ते उंबरठा उत्पन्न काढावयाचे तर मागील सात वर्षांपैकी पाच उत्तम वर्षांच्या सरासरीस जोखीमस्तराने गुणावे लागते. खालच्या शेतातले भरलेले दाणे आणि माथ्यावरची रिकामी टरफले एकाच सरासरीत बसतात, व त्या सरासरीत माथ्याचा शेतकरी दिसेनासा होतो. तिची बातमी आठ दिवसांनी एका स्थानिक दैनिकात आली; तीत संताप हा शब्द नव्हता, ग्रामस्थही नव्हते; होता तो एका मंडळातील हलक्या आणि भारी जमिनीचा हिशेब. माझ्या वाचनात त्या विषयावरची इतकी स्वच्छ बातमी दुसरी आलेली नाही, आणि मी हे शिक्षकाच्या ममतेने म्हणत नाही. मी तो मजकूर अनेक वर्षे पुढील तुकड्यांना उपसंपादनासाठी देत आलो, आणि कोणालाही त्यातून एक वाक्य कमी करता आलेले नाही.

मग अंतरवाली सराटी. माझ्या जन्मतालुक्यातील हे गाव. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील तेथे मराठा आरक्षणासाठी उपोषणास बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि चोवीस तासांच्या आत दिल्लीपर्यंतच्या वाहिन्यांच्या गाड्या, त्यांच्या छतांवरील तबकड्या, दिव्यांचे झोत आणि निवेदकांचे लोंढे त्या रस्त्याला लागले. आरक्षणाच्या प्रश्नाचा न्यायनिवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. त्या प्रश्नात माझ्या वर्गातील मुले वेगवेगळ्या बाजूंना होती आणि तो त्यांचा अधिकार होता. मला जे सांगावयाचे आहे ते बातमीदारीविषयी. शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आणि ज्या दप्तरांकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणी वळून पाहिले नव्हते, ते खासरा पाहणीचे कागद, जन्ममृत्यूची कोतवाल बुके, जुन्या शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे अभिलेख कक्षांतून बाहेर काढण्यात आले. मोडी वाचणारे हवेत, उर्दू वाचणारे हवेत, अशी शोधाशोध झाली. एका संपूर्ण प्रदेशाचे राजकारण अशा कागदांवर येऊन थांबले, जे वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागली.

झोतांचे दिवे व्यासपीठावर होते. बातमी तहसिलीच्या मागील खोलीत होती. माझा एक जुना विद्यार्थी, आता तालुक्याचा वार्ताहर, त्या दिवसांत उपोषणस्थळाचे रोजचे वृत्त धाडून झाले की अभिलेख कक्षाच्या दारी जाऊन बसे. मोडी वाचक कागद कसा उजेडाकडे धरतो, शाई उडालेल्या ठिकाणी मागील-पुढील पानांवरून शब्द कसा जुळवितो, फसली सनाचे इसवी सनात रूपांतर कसे करतो, एका गावाचे नाव दोन कागदांत दोन तऱ्हेने पडले असेल तर काय करतो, हे त्याने शांतपणे लिहिले. तीन स्तंभांचा मजकूर. आतील पानावर लागला. वाहिन्यांच्या गदारोळात त्याची दखल किती जणांनी घेतली असेल, कोण जाणे. पण पुढे कोणी संशोधक त्या काळाचा इतिहास लिहू लागला, तर त्याला जे कात्रण लागेल ते हे, अशी माझी खात्री आहे. त्याच वर्षी मी विभागाकडे मोडी व उर्दू लिपींच्या प्राथमिक परिचयाचा एक ऐच्छिक अभ्यासक्रम असावा असे टिपण दिले. मराठवाड्यातील पत्रकाराला या दोन लिपी अगदीच परक्या असाव्यात, हे मला शोचनीय वाटते.

आता उपजीविकेविषयी लिहिलेच पाहिजे, कारण त्यावाचून हा विषय अर्धसत्य होईल. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन बहुधा नाममात्र, पुष्कळदा तेही नाही. त्याचे पोट भरते ते जाहिरातीच्या कमिशनावर. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी, बाजार समितीच्या सभापतीला शुभेच्छा, दिवाळीला दुकानदारांची पाने. सकाळी ज्याच्या रस्त्याच्या कामातील डांबराची जाडी मोजावयाची, त्याच कंत्राटदाराकडे सायंकाळी अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी जावयाचे. नीतीचा पेपर शिकविताना मी ही गोष्ट लपवीत नाही, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्मी मुले अगोदरच या व्यवहारात असतात. महाराष्ट्राने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, तो योग्यच होता. परंतु ज्याच्या अंगावर कोणी हात टाकीत नाही, फक्त जाहिरात थांबवतो, त्याच्यासाठी कोणतेही कलम नाही. ही स्थिती अन्याय्य आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

आणि शिकविणाऱ्यांची अवस्था? नेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेली, उत्तम वाचन असलेली तरुण माणसे तासिका तत्त्वावर शिकवितात. दर वर्षी नवी मुलाखत, नवा आदेश, कार्यभाराचे नवे प्रमाणपत्र, आणि देयक मंजूर होईस्तोवर महिनोन्‌महिने प्रतीक्षा. व्याख्याता हे पदनाम जाऊन सहायक प्राध्यापक आले, परंतु ते ज्यांना मिळाले त्यांची संख्या वाढली नाही. माझ्या परिचयातील एक सहकारी माध्यमविषयक कायदा असा शिकवितो, की मुले तास संपला तरी उठत नाहीत. उन्हाळ्यात मात्र त्याला वेतन नसते, आणि तो एका छापखान्यात लग्नपत्रिकांची मुद्रिते तपासतो. त्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण ज्या विद्यार्थ्यांना आपण श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींचा १९५५ चा कायदा पाठ करावयास लावीत आलो, त्यांनी आपल्या गुरूचा नेमणूक आदेश पाहिला असता तर त्या कायद्याला किती किंमत दिली असती?

नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्रप्रकल्प अनिवार्य केले, त्याचे मी मनापासून स्वागत केले. केवळ ते कोठे करावे याविषयी माझे मत प्रचलित रीतीहून वेगळे आहे. बहुतेक मुले पुण्या-मुंबईच्या वाहिन्यांत महिनाभर बसून येतात आणि चित्रीकरणकक्षाची छायाचित्रे आणतात. मी त्यांना जिल्ह्यातच ठेवू पाहतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भट्टीसमोर उभा राहणारा परप्रांतीय मजूर कोठून येतो, कोठे राहतो. मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर बाजार समितीतील सौद्यात काय फरक पडला. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी स्थापिल्यापासून ज्या शेतांत संकरित बियाणे पिकते, तेथे फुलाफुलाचे परागीकरण हाताने करणाऱ्या मजुरांच्या बोटांची आणि रोजाची कथा काय. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी तलावात आज गाळ किती आणि पाणी किती. या प्रत्येक प्रश्नाला एक दप्तर आहे, आणि त्या दप्तराबाहेर एक जागा आहे जेथे पायी जावे लागते.

यंदाच्या तुकडीतील एका मुलाने कडवंची घेतली आहे. पाणलोटाच्या कामामुळे हे गाव द्राक्षांसाठी नावारूपास आले आणि शेततळ्यांनी भरून गेले, एवढे सर्वांनी लिहिले आहे. त्याला पाहावयाचे आहे ते, तळ्यांत साठविलेले पाणी आणि गावच्या विहिरींची पातळी यांचे परस्परांशी काय नाते आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातून त्याने जुन्या नोंदी मिळविल्या, तलाठ्याकडून विहिरींची यादी घेतली, आणि दोन आठवडे दोरीला दगड बांधून पाणी मोजीत हिंडला. यादीतील काही विहिरी जागेवर सापडल्या नाहीत. काही जागेवर आहेत, पण यादीत नाहीत. रब्बीच्या पेरण्या उरकल्या की तो मोजणीसाठी पुन्हा जाणार आहे, आणि मी त्याला या खेपेस प्रत्येक विहिरीचा गट क्रमांक सातबाऱ्यावरून उतरवून घेण्यास सांगितले आहे.